अहेव पुनवेचं कुंकू

आमच्या घरात कुंकू कधी विकत आणलेलं मला आठवत नाही. आई ते घरी करायची आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, तिला लिंबं पिळून द्यायचे. आमचं गाव निपाणीपासून फार लांब नाही. ओढा ओलांडला की महाराष्ट्र लागतो. अण्णा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन, चहा पिऊन ते परसदारी बसत आणि लिंबांची पाटी पुढ्यात ओढून घेत. तंबाखूच्या कामानं त्यांच्या बोटांना चिरा पडलेल्या असत. रस त्या चिरांत झोंबायचा. तोंडानं "स्स" करत, पण पाटी संपल्याशिवाय उठत नसत.

"ह्या बाईनं लिंबं पिळायसाठीच माझ्याशी लगीन केलं," शेजारी ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणायचे.

"मग काय रूप बघून केलं?" आई आतून म्हणायची.

भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंचं हसू ऐकू यायचं. त्यांची आणि आमची भिंत एकच. आईला त्या वैनी म्हणत आणि दिवसातून दोनदा तरी कशाचं तरी निमित्त काढून आमच्याकडे येत.

कुंकू करायला थंडी लागते. हळकुंडं फोडून त्यांचे तुकडे लाकडी काठवटीत घालायचे. लिंबाच्या रसात टाकणखार विरघळवून तो त्यांच्यावर ओतायचा आणि रोज लाकडी उलथन्यानं वर-खाली करायचं. लोखंड लागू द्यायचं नाही, रंग काळपट होतो. तुकडे रस पीत जातात, पिवळ्याचे केशरी होतात आणि सावलीत वाळता वाळता तांबडे. मग उखळात कांडायचे, जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यातून गाळायचं, आणि शेवटी तळव्यावर तिळाचं तेल घेऊन चोळायचं. पिळलेल्या लिंबांच्या साली वाया जात नसत. त्यांनी तांब्यापितळेची भांडी घासली जात, आमची आणि काकूंचीही.

बायका आपापला करंडा घेऊन यायच्या आणि भरून न्यायच्या. रिकाम्या हातानं आलेलीला आई घरी परत पाठवायची. "कागदात देऊन माझं कुंकू सांडून टाकू व्हय?" म्हणायची. त्यामुळे गावातल्या कितीतरी कपाळांवर आमच्या घरचं कुंकू असे. वडापच्या जीपमध्ये, लग्नाच्या मांडवात, बाजारात आई मला कोपरानं ढोसून हळूच म्हणायची, "ती बघ, निळ्या लुगड्याची. आपलं हाय." दुकानातलं पिंजर आणि आईचं कुंकू यांतला फरक तिला लांबून कळायचा. आईचं जरासं विटकरीकडे झुकणारं आणि मंद. पिंजर भडक.

माझ्या लहानपणीच पिंजर आणि चिकटायच्या टिकल्या गावात आल्या होत्या. मी कॉलेजला जाईपर्यंत आईकडे येणाऱ्या बायका निम्म्यावर आल्या. काहींचं कपाळ टिकलीनं खाजायचं, पांढरा डाग पडायचा. त्या परत यायच्या. शेजारच्या काकूंच्या मुलीला टिकली सोसायची नाही, तिच्यासाठी करंडा कायम भरलेला असायचा. आणि एक ठिकाण कधी सुटलं नाही. ते म्हणजे आमच्या गावातलं यल्लम्माचं देऊळ.

आमच्या भागात यल्लम्माला मानणाऱ्यांची एक रीत आहे. मार्गशीर्षाच्या पुनवेला देवीचा नवरा जातो. त्या दिवशी तिच्या बांगड्या उतरवतात, कपाळ मोकळं करतात. देवळात जाऊन आलेल्या बायका घरातलंच कुणी गेल्यासारख्या गप्प असतात. मग पुढे अहेव पुनव, म्हणजे देवीची सवाष्ण होण्याची पुनव, येते. नवरा जिवंत होतो, देवीला हिरवा चुडा भरतात आणि नव्यानं कुंकू लावतात. ते अहेव पुनवेचं कुंकू आमच्या घरचं असे. देवळाची पूजाअर्चा बघणारी म्हातारी, जिला सगळं गाव आत्ती म्हणतं, ती स्वतः पितळी डबा घेऊन न्यायला यायची. देवीला लावून उरलेलं त्या दिवशी देवळात येणाऱ्या प्रत्येक सवाष्णीच्या कपाळाला लागायचं. त्या दिवशी आई देवळाच्या पायरीशी बसून राहायची. काही करायची नाही. फक्त बाहेर पडणाऱ्या कपाळांकडे बघायची.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. गावच्या मराठी शाळेतल्या बाईंनी, निपाणीच्या कॉलेजातल्या सरांनी मला ज्या मायेनं शिकवलं ते मी विसरणार नाही. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. फाउंड्र्यांच्या मधोमध आमचा कारखाना. तिथं साबण, क्रीम, पावडर असा माल दुसऱ्या कंपन्यांसाठी तयार होतो. त्यांच्या नावाचे डबे येतात, आम्ही भरून देतो. मी अनगोळला खोली घेऊन राहते. नोकरी देताना मालकांनी माझ्या इंग्रजीकडे बघितलं नाही, कामाकडे बघितलं. त्याचंही ऋण आहे.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे माल घेणाऱ्या कंपन्यांच्या प्रश्नावल्या येऊ लागल्या. तेल कुठल्या झाडाचं, जंगल तोडून लावलेलं तर नाही ना? पाणी किती लागतं, सांडपाणी कुठं जातं? डबी परत भरता येईल का? शाश्वत हा शब्द मी शाळेत निबंधात लिहिला होता, तो आता रोज कानावर पडायला लागला. एका मीटिंगमध्ये रिफिलवर चर्चा चालली होती. गिऱ्हाइकानं जुनीच डबी आणून भरून न्यावी, ही कल्पना किती नवी आहे यावर. मला आईच्या दारातले करंडे आठवून हसू आलं. मालकांनी विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं. बेंगळूरची एक कंपनी नैसर्गिक कुंकवाच्या शोधात होतीच. मालक म्हणाले, "नमुना घेऊन ये."

नमुना मीच तपासला. शिसं नाही, कृत्रिम रंग नाही, स्टार्च नाही. गावी गेल्यावर अण्णांनी विचारलं, "काय निघालं त्यात?"

"हळद निघाली, अण्णा."

"तेवढ्यासाठी बी.एस्सी. केलीस व्हय?" ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मग आईकडे वळून म्हणाले, "बघ. आता बेंगळूरच्या बायका तुझं लावणार. माझी लिंबं वाढली."

 त्या वर्षी आईनं दिवाळीच्या पाठोपाठच मोठा घाणा घातला. नेहमीपेक्षा मोठी काठवट. त्यात देवीचं होतं, गावाचं होतं आणि बेंगळूरला पाठवायचंही होतं. अण्णांनी सुट्टी टाकून लिंबं पिळली.

हळकुंडं केशरी झाली होती तेव्हा अण्णा गेले. वखारीत छातीत दुखायला लागलं म्हणून खाली बसले, दवाखान्यात नेईपर्यंत राहिले नाहीत. मला लॅबमध्ये फोन आला. मी गावी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि शेजारच्या काकू आईचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बांगड्या त्यांनीच उतरवल्या. फोडू दिल्या नाहीत कुणाला, साबण लावून एकेक काढल्या. ते मी कधी विसरणार नाही. पुढं जे झालं ते सांगताना हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी परसदारी ठेवलेली काठवट बघितली. "सुतक पडलंय. ते वतून टाका ओढ्यात," ती बाई म्हणाली.

आई तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "टाकायचं न्हाय. त्यांनी पिळलंय ते."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. काकू उठल्या, काठवटीवर पांढरं फडकं टाकलं आणि ती कोपऱ्यात सरकवली. "ऱ्हाऊंदे. कार्य झाल्यावर बगू," म्हणाल्या.

दिवस झाले, पाहुणे गेले. आईनं फडकं काढलं. वर-खाली न करताही सगळे तुकडे सारखे रंगले होते. इतका चांगला रंग मी तरी कधी बघितला नव्हता. आई बराच वेळ ओणवी होऊन बघत राहिली. मग तुकडे सुपात घेऊन सावलीत पसरले आणि वाळल्यावर उखळाशी बसली.

कांडायला लागून थोडा वेळ झाला असेल, काकू दारात आल्या.

"वैनी, काय कांडतीस?"

"कुंकू."

काकू उंबऱ्यावरच थांबल्या. "अगं, पर…"

"पर काय?"

"काय न्हाय. आवाज बाहेर जातोय, म्हणून आले."

आईनं मुसळ खाली ठेवलं नाही. काकू गेल्या. आई कांडत राहिली. मी शेजारी बसून चाळायचं फडकं धरलं होतं. ती म्हणाली, "मला दुसरं येतंय काय? शिवण येत न्हाय, शाळा न्हाय. हे येतंय." थोड्या वेळानं म्हणाली, "न् हे बंद झालं, तर सकाळी उठायचं कशाला, ते सांग."

 तेव्हापासून माझ्या मनात एवढी एकच गोष्ट राहिली, की आईचं हे काम चालू राहिलं पाहिजे.

मार्गशीर्षाची पुनव आली, देवीचं कपाळ मोकळं झालं. आई देवळात गेली नाही. अहेव पुनव जवळ आली तेव्हा मी रजा घेऊन गावी गेले. आत्ती डबा घेऊन यायची वेळ उलटून गेली. पुनवेच्या आदल्या सकाळी आईनं आमच्याच डब्यात कुंकू भरलं, वर फडकं बांधलं आणि मला म्हणाली, "चल. तिला गुडघ्यानं येवत नसंल."

आत्ती देवळाच्या पायरीवर वाती वळत बसली होती. आम्हाला बघून तिनं वाती बाजूला ठेवल्या.

"बस गं. जेवलीस?"

"कुंकू आणलंय, आत्ती."

आत्तीनं डब्याकडे बघितलं नाही. "लई वर्सं तुझ्या हातचं घातलं देवीला. यंदा नगो. निपाणीस्नं आणलंय पोरांनी."

"का?"

"का म्हणून काय इचारतीस? तुला ठावं न्हाय?"

"हात त्योच हाय, आत्ती."

"हात त्योच हाय गं माझे बाई. कपाळ न्हाय." हे बोलताना आत्तीचे डोळे भरले होते. तिचंही कपाळ मोकळंच होतं, कितीतरी वर्षांपासून. ती वाती वळायची, तेल घालायची, देऊळ झाडायची, पण देवीला कुंकू तिची सून लावायची. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "असं कर. पोरीच्या हातनं दे. पोरीनं केलंय म्हणून सांगूया. कोण इचारतंय? मी घालायला लावते सुनंला."

मी हात पुढे केला. डबा माझ्या हातात आला असता तर आईचं कुंकू त्या वर्षीही देवीला लागलं असतं. सगळ्या गावाला कळलं असतं की ते कुणाचं, आणि कुणी काही बोललं नसतं. आमच्याकडे पुष्कळ गोष्टी अशाच निभावून नेतात.

आईनं डबा पदराखाली घेतला. "हिनं केलं न्हाय," ती म्हणाली. "हिला तर टाकणखार किती घालायचा त्येबी ठावं न्हाय."

आम्ही परत निघालो. वाटेत ओढ्याशी आई थांबली आणि एकदम हसली. "देवीचं बरं हाय. तिचा नवरा वरसाला मरतोय न् वरसाला जगतोय. आमचा एकदाच मेला." मग हसता हसता ती खाली बसली आणि अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

पुनवेच्या दिवशी मी एकटीच देवळात गेले. देवीच्या कपाळावर भडक पिंजर होतं. दीपमाळेच्या पायथ्याला प्लास्टिकच्या फाडलेल्या पुड्या पडल्या होत्या. बायकांच्या कपाळांवरही तेच. मी लावून घेतलं आणि घरी येताना ओढ्यावर पुसलं.

मला अजून एका ठिकाणची आशा होती. बेंगळूरच्या कंपनीला हळद कुठली, पाणी किती, डबी कसली हे सगळं हवं होतं. करणारीच्या कपाळाविषयी त्यांच्या प्रश्नावलीत रकाना नव्हता. बेंगळूरहून त्यांच्या एक मॅडम आणि फोटोग्राफर आमच्या घरी आले. मॅडम माझ्याच वयाच्या, साध्या आणि मनानं चांगल्या. चपला बाहेर काढून आत आल्या, आईशी कानडीत बोलल्या. आईनंही कानडीत सगळं समजावलं, काठवट दाखवली, उखळ दाखवलं. मॅडमनी कुंकू चिमटीत घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "अम्मा, हे जगाला कळायला हवं. बॉक्सवर तुमचाच फोटो टाकायचा."

फोटोग्राफरनं आईला खिडकीशी बसवलं. कॅमेऱ्यात बघितलं, मग मॅडमना जवळ बोलावलं. दोघं हळू आवाजात बोलले. मॅडम आईजवळ येऊन बसल्या.

"अम्मा, एक विचारू? रागावू नका. थोडं कुंकू लावाल? तुम्हीच केलेलं. आम्ही ह्या जुन्या रूढी मानत नाही."

"तुमी मानत न्हाईसा, ते बरं हाय," आई म्हणाली.

"मग लावा ना. कुंकू करणारी बाई आणि कपाळ रिकामं, बघणाऱ्याला कसं वाटेल?"

आईनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "मला लावायचं न्हाय, बाई. ते गेले, आता मला लावावंसं वाटत न्हाय. कुणी लाव म्हटलं तरी न्हाय, लावू नगो म्हटलं तरी न्हाय. मला करायचंय. तेवढंच करू द्या की."

 मॅडमना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. मग त्यांनी सुचवलं, "फक्त हात घेऊया. चाळताना." आईनं हात पुढे केले. फोटोग्राफर पुन्हा घुटमळला. हातांत बांगड्या नव्हत्या. मॅडमनी पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या. त्यांनी त्या कशासाठी तरी आणल्याच होत्या. आईनं बांगड्यांकडे बघितलं आणि मला पुढे ढकललं.

"हिचे घ्या. कामाचे न्हाईत, पर दिसायला बरे हाईत."

सगळे हसले. आईही. मी बांगड्या भरल्या, फडकं धरलं आणि माझ्या हातांचे फोटो निघाले.

त्यानंतर मालकांनी आईला कारखान्यात बोलावलं. कारखान्यात तयार करायचं झालं तर पद्धत नीट बघून घ्यावी म्हणून. मी तिला वडापनं निपाणीला आणि तिथून बसनं बेळगावला आणलं. आत जाताना तिला टोपी, मास्क, पायांत पिशव्या असं सगळं चढवलं. टोपी भुवयांपर्यंत. ती यंत्रं बघत हिंडली, कामगार बायकांशी गप्पा मारल्या. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाली, "हितं लई बरं हाय गं. कुणाचंच कपाळ दिसत न्हाय." तो दिवस तिनं आनंदात घालवला. परतताना बसमध्ये पुढच्या वर्षी किती लिंबं लागतील, ती कुठून आणायची, असं बोलत होती. मीही बोलत होते. आमच्या दोघींच्या मनात काम सुरूच झालं होतं.

काही आठवड्यांनी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला सांगितलं, तेव्हाच मला कळलं. कंपनीनं नकार दिला होता, त्याची दोन कारणं होती. एक, नैसर्गिक रंग दर घाण्याला थोडा बदलतो, त्यांना प्रत्येक डबीत एकच छटा हवी. दुसरं त्यांनी सरळ लिहिलं नव्हतं. मालकांना फोनवर सांगितलं होतं. गिऱ्हाईक सणाला, लग्नाला कुंकू घेतं. ते करणारी विधवा आहे हे कुणाला कळलं, तर नको वाटेल. मालक खरोखर वाईट वाटून बोलत होते.  आमच्या गावचे लोक तरी काय वेगळं म्हणाले होते?

आईला मी फोनवर फक्त रंगाचं कारण सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, रंग बदलतोय खरं. हळद एकसारखी कशी ईल?" आणि मग, "दुसरं काय म्हणालं?"

"काही नाही."

"बरं."

अण्णा गेल्यापासून आमच्या दारी करंडे यायचे थांबले होते. त्या उन्हाळ्यात काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं. मी लग्नासाठी थोडी आधीच गावी गेले होते. घराला रंग लागला, मांडवाच्या मेढी रोवल्या गेल्या. एका दुपारी गल्ली सामसूम असताना आमच्या परसदारची कडी वाजली. मी दार उघडलं. काकू होत्या, पदराखाली काहीतरी धरलेलं. आत आल्या आणि दार लोटून घेतलं. पदराखालून करंडा काढला, मुलीचा.

"वैनी, एवढा भरून दे. पोरीचं कपाळ कालपास्नं उठलंय. त्या पिंजरानं आग आग होतीया तिची. लग्नात कपाळ चट्ट्यानं भरलं तर कसं दिसंल?"

आईनं कुंकवाच्या बरणीकडे बघितलं. अण्णांनी पिळलेल्या लिंबांचं कुंकू अजून होतं. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता सगळं ठीक होणार.

"देते की. तिच्यासाठी न्हाय तर कुणासाठी?"

"पर कुणाला सांगू नगंस हं. सासरची माणसं लई कडक हाईत. बेळगावास्नं आणलं म्हणून सांगते मी."

आईचा बरणीकडे गेलेला हात थांबला. ती काकूंच्या शेजारी येऊन बसली. रागावली नव्हती. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "एक काम कर. पुढल्या दारानं ये."

"म्हंजी?"

"करंडा हातात घिऊन ये, आंदी येत हुतीस तशी. मी भरून देते. कुणी इचारलं तर सांग, वैनीनं दिलं."

"वैनी, तुला कळतंय न्हवं…"

"मला कळतंय. तुझी लेक माझ्या मांडीवर वाढलीया. माझ्या कुंकवानं तिचं वाईट हुईल, असं वाटतंय तुला?"

"मला न्हाय वाटत गं. मला न्हाय."

"मग ये की."

काकू करंडा पुन्हा पदराखाली घेऊन उठल्या. परसदारानं गेल्या. जाताना डोळे पुसत होत्या, आणि त्या खोट्या रडत नव्हत्या, हे मला माहीत आहे.

मी आईला म्हटलं, "द्यायचं होतंस गं. पोरीचं कपाळ…"

"तिच्यासाठीच ठिवलंय," आई म्हणाली. तिनं बरणीतून कुंकू काढलं, पुन्हा एकदा बारीक फडक्यातून गाळलं, त्यात तेलाचा थेंब चोळला आणि स्वच्छ कागदाची पुडी बांधली. कागदात कधी न देणारी आई, पण करंडा आलाच नव्हता. ती पुडी तिनं पुढच्या खोलीत कोनाड्यात ठेवली आणि पुढचं दार सताड उघडं टाकलं.

पाहुणे येऊ लागले. गल्लीत रिक्षा थांबत, पोरं पळत. आई दुपारी झोपली नाही, उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली. काकू दारावरून जायच्या. "काय चाललंय वैनी?" विचारायच्या. "बसलेय," आई सांगायची. हळदीच्या दिवशीही दार उघडं होतं. आईला हळदीला बोलावणं होतं, जेवायला. लावायला नाही. ती गेली, जेवली, आणि लगेच परत येऊन उंबऱ्याशी बसली.

"येईल ती," मला म्हणाली. "तिला गडबड हाय."

लग्नाच्या सकाळी बँड वाजायला लागला. वऱ्हाड गल्लीतून देवळाकडे निघालं. नवरी आमच्या दारासमोरून गेली, मुंडावळ्यांखाली तिचं कपाळ लाल दिसत होतं. कुंकू कुठलं आणि चट्टा कुठला, हे मला कळलं नाही. आईनं तिच्याकडे बघून हात जोडले. वऱ्हाड वळणावरून दिसेनासं झालं. आई उठली, कोनाड्यातली पुडी काढली, सोडली आणि कुंकू परत बरणीत ओतलं. कागदाला चिकटलेलं बोटानं निपटून घेतलं.

त्या हिवाळ्यात तिनं हळकुंडं आणली नाहीत.